लालबाग ते शेत, सायकलवरून

इंदूरच्या लालबाग राजवाड्याचे काम १८८६ मध्ये सुरू झाले आणि तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या कारकिर्दीत, १९२१ मध्ये पुरे झाले. पुढे तीनच वर्षांनी होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथे काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक दिवसांनी उलथून, तीनेक महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. एप्रिल १९३५ मध्ये गांधीजी ती मुद्दाम पाहायला गेले होते. राजवाडा पाहायला आजही गर्दी होते, पण त्या शेतीकडे फार थोड्यांची पावले वळतात. संस्थेच्या जागी आता कृषी महाविद्यालय आहे, आणि तिथली जमीन दुसऱ्या कामासाठी घेण्याच्या हालचालींविरुद्ध विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले आहे. शहराच्या पोटातल्या इतक्या नामांकित शेताची ही स्थिती असेल, तर शहराबाहेर राऊ किंवा महूकडच्या दोन एकरवाल्याची काय असेल?

ही लहान शेते टिकवायला सायकल उपयोगी पडते, असे मी म्हणतो तेव्हा लोक चकित होतात. म्हणून ते कसे घडते, हे जरा सावकाश सांगतो.

आधी शेत जाते कसे, ते पाहू. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातली ८६ टक्के खाती दोन हेक्टरांच्या आतली आहेत. असा शेतकरी हौसेने जमीन विकत नाही, नडीला विकतो. सोयाबीन ऑक्टोबरात घरात येते, गहू मार्चमध्ये. मधल्या काळात शाळेची फी, विजेचे बिल, आजारपण उभे राहते, आणि रस्त्याकडेचा एक तुकडा जातो. मग तिथे कॉलनी कापली जाते. नाला बुजतो, शेतरस्ता अडतो, शेजाऱ्याच्या बांधावर कचरा येऊन पडतो, आणि त्यालाही शेती नकोशी होते. कागदोपत्री अडथळाही फारसा उरलेला नाही. शेतजमीन बिगरशेती करण्याला मध्य प्रदेशात ‘डायव्हर्शन’ म्हणतात. २०१८ मध्ये भू-राजस्व संहिता बदलली. शहराच्या मास्टर प्लॅनमध्ये नवा वापर बसत असेल तर जमीनमालकाने स्वतःच आकारणी काढून रक्कम भरायची आणि तसे कळवायचे, झाले. एकदा खसऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीवर, तसा शेरा पडला आणि वर सिमेंट चढले की ती काळी माती कोणत्याही योजनेने परत मिळत नाही.

आता सायकल. हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला लालबागेच्या फाटकापाशी वीस जण जमले, असे समजू. महू नाक्यावरून अन्नपूर्णा रोड, मग राजेंद्रनगर, पुढे राऊ; दहा-बारा किलोमीटर. माळव्याचे पठार इथे बरेचसे सपाट आहे, त्यामुळे नवख्यालाही हे अंतर जमते. राऊ ओलांडले की मोठा रस्ता सोडायचा आणि गावच्या वाटेला लागायचे. मोटारीतून येणारा पर्यटक थेट मुक्कामावर उतरतो; सायकलवाला वाटेतले प्रत्येक शेत पाहत येतो. बटाटा कुठे लागला आहे, गव्हाला कितवे पाणी चालले आहे, कुठे परवापर्यंत हरभरा होता आणि आज प्लॉटचे दगड रोवलेत, हे त्याला दिसते. शिवाय तो भुकेला येतो. माझ्या मते सगळ्या योजनेत ही भूकच सर्वांत कामाची आहे.

शेतावर लागते काय? हातपंप, स्वच्छ संडास, सावली आणि चूल. पन्नास मोटारींचे पार्किंग लागत नाही, म्हणून पीक तुडवून मैदान करावे लागत नाही. न्याहारी मांडवाखाली नाहीतर ओसरीवर होते. घरात आहे तेच ताटात येते: पोहे, मक्याची रोटी, ताजे ताक, मोसमात तळलेला गराडूचा कंद, जानेवारीत हरभऱ्याचे कोवळे घाटे. महाराष्ट्रात हुरड्याच्या निमित्ताने जे चालते, त्याच जातीचे हे आहे. जाताना प्रत्येक जण पाठीवरच्या पिशवीत दोन-तीन किलो बटाटे, लसूण किंवा डाळ नेतो. आडत नाही, तोलाई नाही, मंडईच्या फाटकावर रात्रभर ट्रॅक्टर लावून थांबणे नाही.

हिशेब मांडून पाहू. सोयाबीन हेक्टरी साधारण दहा क्विंटल धरा. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे खरिपात ४८,९२० रुपये, तेही बियाणे, खत, फवारणी, कापणी वजा न करता. शिवाय त्या हंगामात बाजारभाव हमीभावाच्याही खाली गेले होते. आता वीस सायकलस्वारांनी न्याहारी आणि भाजी मिळून प्रत्येकी २०० रुपये खर्च केले तर एका रविवारचे ४,००० होतात. नोव्हेंबर ते जानेवारी असे बारा रविवार धरले तर ४८,०००. यातूनही शिधा आणि घरच्यांची मेहनत वजा करायची, हे खरे. पण ही रक्कम सोयाबीन संपल्यावर आणि गहू येण्याआधी हाती पडते. तुकडा विकायची वेळ नेमकी याच महिन्यांत येते.

एकाच घरावर बारा रविवार टाकू नयेत, असे मात्र मला वाटते. तीन-चार घरांनी पाळ्या लावाव्यात. लगतच्या शेतांना मिळून मिळकत झाली तरच शेतरस्ता आणि नाला राखण्यात सगळ्यांचा जीव गुंततो. मधोमध सुटलेले एकटे शेत फार दिवस तग धरत नाही.

धोका उलट्या बाजूनेही आहे. पाहुणे वाढले की कोणीतरी तलाव खोदतो, खोल्या बांधतो, लग्नासाठी लॉन काढतो, आणि शेती फक्त पाटीवर उरते. इटलीने हे आधीच ओळखले. तिथल्या १९८५ च्या कायद्याने शेतावरचा पाहुणचार फक्त शेतकऱ्याला करता येतो आणि तो शेतीला जोडधंदाच राहिला पाहिजे, अशी अट घातली. महाराष्ट्रात बारामतीजवळ पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटन रुजवले आणि राज्याने २०२० मध्ये त्याचे धोरण आणले. आपल्याकडेही ती इटलीची अट कसोशीने पाळली जावी.

सायकल एकटी जमीन वाचवत नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९७३ मध्ये कायदा करून प्रत्येक शहराला वाढीची हद्द आखायला लावली. तिथल्या विलमेट खोऱ्यात २००५ मध्ये शेतांमधून जाणारा सायकलमार्ग घोषित झाला, तेव्हा वाटेत शेते शिल्लक होती ती त्या हद्दीमुळे. इंदूरभोवती तशी पक्की हद्द नाही. पण मास्टर प्लॅनवर हरकती मागवल्या जातात, तेव्हा त्या शेताची वाट तुडवलेली, तिथले जेवलेली शंभर शहरी माणसे अर्ज घेऊन गेली, तर शेतकरी एकटा पडत नाही. इंदूरजवळ सनावदियाला पद्मश्री जनक पलटा मगिलिगन यांच्या केंद्रात सूर्यचुली आणि सेंद्रिय शेती पाहायला शहरातून लोक जातातच; ती सवय आता साध्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत न्यायची आहे.

तुमच्या गटात सायकली असतील तर एक शेत निवडा. दोन दिवस आधी फोन करून किती जण येणार ते सांगा, म्हणजे दूध-पीठ वाया जाणार नाही. ओल्या रानात सायकल घालू नका, विचारल्याशिवाय शेंग तोडू नका, आपला कचरा आपल्याबरोबर परत आणा. सांगितलेला भाव घासाघीस न करता द्या. आणि पुढच्या महिन्यात नवी जागा शोधत बसण्याऐवजी त्याच शेतावर पुन्हा जा.