पिल्लू दोन महिन्यांचे होऊ द्या

कुत्री व्याली की ती बातमी वस्तीवर पसरायला वेळ लागत नाही. पिल्लांचे डोळे उघडतात न उघडतात तोच कोणीतरी दारात येऊन "एक कुत्रा मला ठेवा" असे सांगून जातो, आणि पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी पोते घेऊन हजर होतो. "लहान असतानाच नेले म्हणजे लळा लागतो," असे त्याचे म्हणणे असते. घरची मंडळीही रोजची घाण काढून कंटाळलेली असतात. पिल्ले जातात. त्यांतील काही महिनाभरात रक्ताच्या हगवणीने मरतात, काही मोठी होऊन चावरी निघतात. माद्या कोणी नेत नाही. त्या एखाद्या रात्री उद्यमबागेत कारखान्यांच्या कडेला सोडल्या जातात. वर्षभरात त्याच माद्या तेथे वितात आणि मजगाव, पिरनवाडीकडच्या शेळ्यांमागे तीच टोळी लागते.

शेतकरी बंधु-भगिनींनो, हे सारे टाळता येते. त्यासाठी पिल्ले ८ आठवडे, म्हणजे ५६ दिवस, आईजवळ ठेवावी लागतात आणि त्या दिवसांत काही कामे वेळच्या वेळी करावी लागतात.

आपल्या भागातील कुत्री

इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवर मेंढ्या वळणारी कुत्री तयार झाली, म्हणून त्यांना 'बॉर्डर कोली' म्हणतात. आपल्या सीमाभागालाही स्वतःची कुत्री आहेत. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळची उंच, सडपातळ, सशामागे वाऱ्यासारखी धावणारी जात प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात तिलाच कारवान म्हणतात. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी तिची जोपासना केली. २००५ साली टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे केंद्र असून, २०१६ साली तेथील पिल्ले मेरठला लष्कराकडे पाठविण्यात आली. धनगरांच्या कळपाबरोबर फिरणारी कुत्री वेगळी, आणि आपल्या गोठ्यापुढे बसणारे गावठी कुत्रे वेगळे. जात कोणतीही असो, पिल्लांच्या संगोपनाचे नियम एकच आहेत.

विण्यापूर्वी

कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण असते. तिला रेबीजची व इतर रोगांची लस गाभण राहण्यापूर्वीच दिलेली असावी. विण्याच्या आठवडाभर आधी पडवीत किंवा गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात तिची जागा करावी. आपल्याकडचा पाऊस व ओल लक्षात घेता जमिनीवर फळी टाकावी आणि तिच्यावर धुतलेले जुने लुगडे किंवा धोतर अंथरावे. गोणपाटाचे सुटे धागे पिल्लांच्या पायांत अडकतात.

कुत्रीच्या अंगाचा ताप एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतो. तो ९९ च्या खाली आला की बहुधा २४ तासांत ती विते. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, किंवा आत पिल्ले असून दोन तास नुसतेच गेले, तर वाट न पाहता पशुवैद्यास बोलवावे.

पहिले १५ दिवस

नवजात पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याजवळची हवा ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असावी. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा थोड्या उंचीवर टांगल्यास काम होते. मात्र उष्णता एकाच बाजूला असावी, म्हणजे उकडल्यास पिल्ले सरकू शकतात. पिल्ले एकमेकांवर ढीग करून कुरकुरत असतील तर थंडी आहे, लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर उकडते आहे, असे समजावे.

पहिल्या २४ तासांत प्रत्येक पिल्लाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. वासराला जसा तो रोगापासून वाचवितो, तसाच पिल्लालाही. दुबळे पिल्लू मागे ढकलले जाते, म्हणून त्याला धरून मागच्या भरलेल्या सडाला लावावे. स्वयंपाकघरातल्या तराजूवर रोज वजन करून लिहून ठेवावे. ८ ते १० दिवसांत जन्माचे वजन दुप्पट व्हायला हवे. वजन थांबले की काहीतरी बिघडले आहे.

आई मेली किंवा दूध आटले तर नुसते गाईचे दूध पुरत नाही, कारण कुत्रीचे दूध त्याहून पुष्कळ दाट असते. अशा वेळी पशुवैद्याच्या सल्ल्याने पिल्लांचे तयार दूध आणावे व दर दोन-तीन तासांनी पाजावे. पिल्लाला तान्ह्या मुलासारखे उताणे धरून पाजू नये, दूध फुफ्फुसात जाते. ते पोटावर असावे व डोके किंचित वर असावे. पाजून झाल्यावर ओल्या कोमट फडक्याने पोटाखाली पुसावे, त्याशिवाय ते लघवी करीत नाही.

डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात. ते बोटांनी उघडू नयेत.

आईकडे दुर्लक्ष नको

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आईला नेहमीच्या दोन-तीन पट खाणे लागते. दूध देणारी कुत्री अचानक थरथरू लागली, पाय ताठ करून धापा टाकू लागली, तर अंगातील चुना कमी पडला आहे. हा घरगुती उपायाचा आजार नव्हे. पिल्ले बाजूला करून त्याच तासाला तिला पशुवैद्याकडे न्यावे.

जंत, खाणे आणि लस

पिल्लाला जंत आईच्या पोटातूनच येतात, दुधातूनही येतात. म्हणून जंताचे औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यात, वजनाप्रमाणे, पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत द्यावे. याच जंतांची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात जातात व त्यांना अपाय करतात. पिल्लांची विष्ठा रोज उचलून पुरावी व मुलांना हात धुवायला लावावे. गुराढोरांसाठीचे गोचिडांचे औषध पिल्लांना मुळीच लावू नये, त्याने पिल्ले दगावतात. गोचीड हाताने किंवा चिमट्याने काढावी.

चौथ्या आठवड्यापासून जोंधळ्याची भाकरी दुधात कुस्करून, पातळ करून, परातीत दिवसातून चार वेळा द्यावी. हळूहळू उकडलेले अंडे, मऊ भात व बिनहाडाचे शिजलेले मांस घालावे. कांदा, लसूण, द्राक्षे व बेदाणे कुत्र्याला विषासारखे आहेत. कोंबडीची शिजलेली हाडेही देऊ नयेत.

रक्ताची हगवण हा पार्व्हो नावाचा रोग. तो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला व आता गावोगाव मुरला आहे. त्याची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान, व पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत द्यावी लागते. एकच सुई देऊन थांबू नये.

लळा केव्हा लागतो?

अमेरिकेतील स्कॉट व फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात येते त्यांना ते आपले मानते, असे त्यांना दिसले. म्हणजे आठव्या आठवड्यात नेलेल्या पिल्लाला नव्या घराचा लळा लावायला पूर्ण महिना शिल्लक असतो. उलट चौथ्या आठवड्यात उचललेल्या पिल्लाचे शिक्षण अर्धवट राहते. भावंडांशी खेळताना जोरात चावले की समोरचे ओरडते व खेळ थांबतो. आईही दटावते. दात किती लावायचा हे पिल्लू तेथेच शिकते.

म्हणून चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना रोज वेगवेगळ्या माणसांनी हातात घ्यावे. लहान मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखालीच घ्यावे. गाय, शेळी, कोंबडी दाखवावी. मोटरसायकल, पंप, भांडी यांचे आवाज दुरून ऐकवावेत. मेंढपाळाकडे जायचे पिल्लू असेल तर गोठ्यात कोकरांजवळ बसवावे. कोंबडीमागे धावणारे पिल्लू लगेच आवरावे, हसून सोडू नये.

पिल्लाचा चावा लहान नसतो

रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. तोपर्यंत ते सुरक्षित आहे असे नव्हे. बाहेरचे कुत्रे चावले तर लहान पिल्लालाही रेबीज होतो. "पिल्लूच ते, दात कुठे आहेत?" म्हणून ओरखडा सोडून देणे जिवावर बेतू शकते, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा किंवा ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावा. मिरची, चुना, हळद लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. पोटातील १४ सुयांची भीती आता बाळगू नये. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारासच बंद झाली. आताची लस दंडावर घेतात. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळे औषधही टोचावे लागते. ठरलेल्या तारखा चुकवू नयेत.

टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेथे एके काळी देवीची लस तयार होत असे. देवीचा रोग लसीनेच संपला, तसे १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. रेबीजही कुत्र्याला लस देऊनच अडवायचा असतो.

देताना

२०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने ८ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये. फुकट देतानाही हीच मर्यादा पाळावी. घेणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत: जागा किती आहे, दिवसभर साखळीला बांधणार का, घरात लहान मुले आहेत का, लस टोचून घेणार का? मुधोळचे पिल्लू दोन खोल्यांच्या घरात देणे म्हणजे दोघांनाही त्रास. बरोबर एक कागद द्यावा. त्यावर जन्मतारीख, जंताच्या औषधाच्या व लसीच्या तारखा आणि रेबीजच्या लसीचा दिवस लिहावा. आठवडाभर पुरेल एवढे सवयीचे खाणे व आईच्या अंथरुणाचा एक तुकडा सोबत द्यावा. त्या वासाने पहिल्या रात्री पिल्लू शांत झोपते.

मादी पिल्लू देताना घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे की सहा महिन्यांच्या सुमारास पशुवैद्याला विचारून शस्त्रक्रिया करून घ्यावी, मग ती उपद्रव न ठरता उत्तम राखण करते. तरीही कोणी नेलीच नाही, तर ती आपल्याच दारात राहू द्यावी आणि शस्त्रक्रिया आपणच करावी. आईचीही पुढची वेते नको असतील तर पिल्ले गेल्यावर व तिचे दूध आटल्यावर तिची शस्त्रक्रिया उरकावी. अंधारात रस्त्यावर सोडलेली मादी पुढच्या वर्षी पिल्ले घेऊन आपल्याच शेताकडे परत येते.