‘नेहमी’, ‘सतत’ आणि ‘कायमचा’ : सातत्यवाचक क्रियाविशेषणांचा अर्थविचार

इंग्रजीतील ‘ऑल्वेज’, ‘कन्टिन्युअसली’, ‘पर्मनन्टली’ आणि ‘इन पर्पेच्युइटी’ या शब्दप्रयोगांचे मराठीकरण करताना ‘नेहमी’, ‘सतत’, ‘कायम’, ‘सदैव’ ही रूपे पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजली जातात. वरवर पाहता ती समानार्थी भासतात. परंतु त्यांचे कार्य भिन्न आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासातील एका कराराच्या आधारे हा भेद स्पष्ट करता येतो.

या वर्गातील शब्दांचे अर्थदृष्ट्या तीन गट पडतात. पहिला पुनरावृत्तीचा : ‘तो नेहमी वणीच्या बाजारात जातो’ या वाक्यात जाण्याची क्रिया मधूनमधून खंडित होते, मात्र पुन्हापुन्हा घडते. दुसरा अखंडतेचा : ‘पाऊस सतत पडत होता’ येथे क्रियेत खंड नाही, पण तिला शेवट असू शकतो. ‘सतत’ म्हणजे सलग ताणलेले आणि ‘निरंतर’ म्हणजे ज्यात अंतर नाही ते. दोन्ही शब्दांची घटनाच हे सांगते. तिसरा अनंततेचा : ‘तो गावाहून कायमचा गेला’ येथे क्रिया एकदाच घडून संपली आहे, तिचा परिणाम मात्र पुढे मर्यादेविना चालू राहतो. म्हणूनच ‘तो गावाहून नेहमी गेला’ असे म्हटल्यास हा अर्थ मिळत नाही.

तिसऱ्या गटात मराठीचे एक वैशिष्ट्य दिसून येते. इंग्रजीतील ‘पर्मनन्टली’ हे रूप वाक्यात कोठेही आले तरी बदलत नाही. मराठीत मात्र ‘तो कायमचा गेला’, ‘ती कायमची गेली’, ‘घर कायमचे गेले’ अशी रूपे लिंगवचनानुसार बदलतात. अर्थ क्रियाविशेषणाचा आणि रूप विशेषणाचे, अशी ही स्थिती आहे. परिणामी, कायमपणा नेमका कोणाला लागू आहे हे मराठी वाक्याला सांगावेच लागते.

याचे महत्त्व वऱ्हाडच्या उदाहरणावरून ध्यानात येते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. पुढे ५ नोव्हेंबर १९०२ रोजी निजाम मीर महबूब अली खान आणि ब्रिटिश सरकार यांच्यात करार होऊन, दरसाल २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात हा प्रांत ‘इन पर्पेच्युइटी’ पट्ट्याने देण्यात आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग त्यात समाविष्ट होता. हा जिल्हा तेव्हा वणी या नावाने ओळखला जाई; यवतमाळ हे नाव त्यास १९०५ मध्ये मिळाले.

आता या कराराचे वर्णन मराठीत दोन प्रकारे करता येईल. ‘वऱ्हाड इंग्रजांना कायमचे दिले’ या वाक्यात ‘कायमचे’ हे रूप वऱ्हाडाशी जुळते आणि प्रांतच हातून गेल्याचा बोध होतो. ‘वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले’ या वाक्यात कायमपणा पट्ट्याचा आहे. मालकी देणाऱ्याकडेच राहते. कराराचा आशय दुसऱ्या वाक्यातच उतरतो, कारण निजामाचे सार्वभौमत्व त्यात मान्य करण्यात आले होते आणि १९३६ च्या करारातही त्यास पुन्हा मान्यता देण्यात आली. एका ‘चे’ऐवजी ‘च्या’ आल्याने प्रांताच्या स्वामित्वाविषयीचे विधान बदलते, ही बाब अनुवादकाने उपेक्षिण्याजोगी नाही.

आणखी एक मुद्दा विचारात घ्यावयास हवा. जुन्या दानपत्रांत ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असा शब्दप्रयोग आढळतो. चंद्रसूर्य असेपर्यंत ही, कितीही दूरची असली तरी, एक मर्यादाच आहे. ‘कायम’मध्ये तशी मर्यादा उच्चारलेलीच नाही. हा शब्द मुळात अरबी असून त्याचा अर्थ उभा असलेला, टिकून असलेला असा आहे. संस्कृत ‘स्था’ धातूवरून आलेले ‘स्थिर’ व ‘स्थायी’, तसेच इंग्रजी ‘कॉन्स्टन्ट’च्या मुळाशी असलेला लॅटिन धातू, यांतही उभे राहण्याचीच कल्पना आहे. ‘शिक्षा कायम झाली’ किंवा ‘नोकरीत कायम झाला’ या प्रयोगांत हा मूलार्थ आजही जिवंत आहे : शिक्षा टळली नाही, नोकरी हंगामी राहिली नाही, एवढेच तेथे अभिप्रेत असते.

तात्पर्य, कायमतावाचक शब्द काळाची लांबी मोजत नाहीत. शेवटाची तारीख ठरविलेली नाही, इतकेच ते सांगतात. १९०२ च्या पट्ट्यानंतर ४५ वर्षांनी, १९४७ मध्ये, पट्टेदार सत्ताच निघून गेली. यवतमाळ जिल्हा पुढे मध्यप्रदेशात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. तेव्हा करारातील शब्द खोटा ठरला असे म्हणण्यापेक्षा, तो जे सांगत नव्हता ते वाचणाऱ्यांनी त्यात वाचले, असे म्हणणे अधिक युक्त होईल. सनद, खरेदीखत वा करारनामा यांतील ‘कायमचा’ हा शब्द कोणत्या नामाशी जुळतो, हे प्रथम पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.