काटे नसलेलं गुलाबाचं झाड

‘काय झालं?’ असं विचारलं, की दुखावलेलं मूल बहुधा गप्पच बसतं. अमेरिकेतील मानसोपचारक व्हायोलेट ओकलँडर त्याला वेगळंच सांगत : डोळे मीट, तू गुलाबाचं झाड आहेस असं समज. काटे आहेत का? पाणी कोण घालतं? मग चित्र काढायचं आणि झाड होऊन बोलायचं. ‘मला काटे नाहीत, कुणीही ओरबाडतं,’ असं मूल म्हणालं, तरी त्याचा अर्थ आपणच लावायचा नाही. ‘तुझ्या बाबतीतही असं होतं का?’ एवढंच विचारायचं. उत्तर मुलाचंच हवं. ‘विंडोज टू अवर चिल्ड्रन’ या १९७८च्या पुस्तकात त्यांनी ही गेस्टाल्ट उपचारपद्धती मांडली. उपचार तज्ज्ञांनीच करावेत. पण मुलाचं चित्र पाहून ‘याबद्दल सांग ना’ म्हणणं आणि शांतपणे ऐकणं पालकांनाही जमेल.