डॉक्युमेंटेशन मोघम असलेलं सॉफ्टवेअर कसं पारखावं?

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर, आपण शोधायला जातो. सापडतंही. पण डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते वापरायची माहिती, पाहावी तर ‘वेगवान, हलकं, आधुनिक’ यापलीकडे अवाक्षर नाही. अशा वेळी प्रकल्प काय म्हणतो ते सोडावं आणि तो काय करत आलाय ते पाहावं.

आधी लायसन्सची, म्हणजे परवान्याची फाइल शोधा. इथे बरेच जण फसतात. कोड उघडा दिसतो म्हणून तो वापरायची मुभा मिळाली असं होत नाही. परवानाच नसेल तर हक्क लेखकाकडेच राहतात. एमआयटी परवाना बराच सैल आहे. जीपीएल परवान्यात मात्र आपण बदललेलं सॉफ्टवेअर इतरांना दिलं, तर त्याचा कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. परवाना नसेल, तर पुढे पाहण्यात वेळ घालवू नका.

मग कमिट पाहा. कमिट म्हणजे कोडमधल्या बदलाची तारखेसह नोंद. ओपनऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरचं नाव अजून अनेकांच्या तोंडी आहे, पण त्याची 4.1 ही मालिका 2014 पासून तीच आहे. त्यानंतर आल्या त्या किरकोळ दुरुस्त्या. 2010 मध्ये त्यातूनच फुटून निघालेल्या लिब्रेऑफिसच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा येतात. नोंदी वाचताना त्या माणसांच्या आहेत ना, हेही बघा. नुसते बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, बदल करत असतील, तरी प्रकल्प जागता वाटतो. उलट एखादं छोटं साधन पूर्ण झालं म्हणूनही शांत असू शकतं.

त्यानंतर इश्यू पाहा, म्हणजे वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या तक्रारी. त्यांची संख्या मोजू नका, उत्तरं वाचा. ‘बरेच दिवस हालचाल नाही’ म्हणून परस्पर बंद केलेल्या तक्रारी सुटलेल्या नसतात.

काम किती जणांच्या खांद्यावर आहे? लिनक्समध्ये जागोजागी वापरलं जाणारं, फाइली लहान करणारं ‘एक्सझेड’ बरीच वर्षं मुख्यतः एकाच स्वयंसेवकावर चाललं होतं. मदतीला आलेल्या एकाने हळूहळू विश्वास मिळवला आणि 2024 मध्ये 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेतून आन्द्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला तो सापडला. त्यातला घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडवला होता, आणि तो कामाला लावणारा तुकडा फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यात होता, कमिटमध्ये नव्हता. तेव्हा कमिट भरपूर आहेत, एवढ्यावर विसंबू नका.

तरीही टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम, जरूर उघडा. कुठल्या फंक्शनला काय द्यायचं आणि बदल्यात काय मिळतं, हे तिथे उदाहरणांसह दिसतं. जुनी माहिती तशीच पडून राहते; टेस्ट जुनी झाली तर ती चालवताच नापास होते. मोघम प्रकल्पात मला सर्वात उपयोगी वाटतो तो हा टेस्टचाच फोल्डर.

शेवटी वेगळ्या यंत्रावर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये, खऱ्या डेटाची प्रत घेऊन, चालवून पाहा. आत घातलेला डेटा पुन्हा बाहेर काढता येतो का, हे त्याच दिवशी तपासा. बसवताना जी पायरी कुठेच लिहिलेली नव्हती, ती टिपून प्रकल्पाकडे पाठवा. अशा दुरुस्त्या पाठवायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही.