शालेय ग्रंथपाल आणि नवी ऑनलाइन साधने

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी आपले सुप्रसिद्ध पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात, वाचकाला त्याचा ग्रंथ आणि ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी संस्था आहे, असा त्यांचा इत्यर्थ. शालेय ग्रंथपालापुढे आज ऑनलाइन साधनांची जी रांग उभी आहे, तिची पारख करावयास याहून चांगली कसोटी नाही. साधन नवे आहे की जुने, हा प्रश्न गौण होय. त्याच्यामुळे ग्रंथ आणि वाचक यांची गाठ पडते की नाही, एवढेच पाहावयाचे.

ही गाठ पडणे ग्वाल्हेरसारख्या शहरी विशेष निकडीचे झाले आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली आणि तिचेच पुढे ‘लष्कर’ हे नगर झाले. दोनशे वर्षे येथे मराठी बोलली, लिहिली व वाचली गेली. राजकवी भा. रा. तांबे यांचे वास्तव्य येथे होते. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने त्या पीठावर प्रथमच एक विदुषी अध्यक्ष म्हणून विराजमान झाली. परंतु आज येथील मराठी घरांतील मुले हिंदी वा इंग्रजी माध्यमातून शिकतात. मराठी त्यांच्या कानांवर असते, डोळ्यांखाली नसते. परिणामी शाळेच्या कपाटातील मराठी पुस्तकांना धनी आहे, वाचक नाही. रंगनाथनांचा तिसरा नियम येथे भंग पावतो. नव्या साधनांचा विचार करावयाचा तो या संदर्भात.

पहिले साधन सूचीचे. हस्तलिखित नोंदवहीत पुस्तक सापडावयाचे तर ते ज्या नावाखाली नोंदले गेले तेच नाव ठाऊक असावे लागे. संगणकीय सूचीत लेखक, शीर्षक, विषय यांपैकी कोणत्याही वाटेने पुस्तकापर्यंत जाता येते. आपल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केलेली ‘ई-ग्रंथालय’ प्रणाली आणि न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी निर्माण होऊन २००० साली वापरात आलेली, सर्वांना विनामूल्य खुली असणारी ‘कोहा’ प्रणाली, ही दोन नावे ग्रंथपालांना परिचित आहेत. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. नाव अन्वर्थक आहे. मात्र प्रणाली विनामूल्य मिळाली तरी नोंदींची शिस्त विकत मिळत नाही. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले या जोड्या एकेकाच व्यक्तीच्या आहेत, हे यंत्राला कोणी तरी सांगावे लागते. ते न सांगितल्यास ‘विशाखा’ एका लेखकाच्या नावावर आणि ‘नटसम्राट’ दुसऱ्याच्या नावावर राहते व विद्यार्थी अर्धेच शिरवाडकर पाहून परततो.

दुसरे साधन शोधाचे, आणि येथे मराठीच्या अडचणी विशेष आहेत. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राला दोन दिसतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन वेगळ्या प्रकारांनी टंकित होतो; कागदावर फरक नाही, यंत्राच्या लेखी मात्र ती भिन्न अक्षरे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोड या जागतिक वर्णसंकेतात स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. तत्पूर्वी ते ‘अ’ वर चंद्र ठेवून साधीत, आणि आजही दोन्ही प्रकार चालू आहेत. याहून मोठी अडचण लेखनपद्धतीची. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘तें पुस्तक’ असे लिहिलेले असावयाचे. आजच्या पद्धतीने शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तो संपूर्ण कालखंड रिकामा भासू शकतो. शब्द दोन-तीन प्रकारे लिहून शोधावा, ही साधी युक्ती ग्रंथपालाने शिकविली तर बंद वाटणारी दारे उघडतात. शिवाय लेखनाच्या इतिहासाचा एक धडाही नकळत दिला जातो.

ग्वाल्हेरच्या मुलाला आणखी एक अडथळा असतो. देवनागरीत शब्द लिहिताच शोधयंत्र बहुधा त्याला हिंदीच्या मुलुखात नेते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामे, मराठीत तळाच्या दिशेस. भाषांतरयंत्रे हे भेद पुष्कळदा सांभाळतात, परंतु नेहमीच नाही. आणि जो मुलगा घरी एक भाषा व वर्गात दुसरी बोलतो, त्याला चूक झाल्याचे उमगतेच असे नाही. यावर उपाय कोशांचा. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे संपादित ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय ग्रंथालयात कोणालाही पाहता येतात. जे जाड खंड विकत घेणे छोट्या शाळेला अवघड, ते एका पडद्यावर यावेत हा लाभ सामान्य नव्हे.

संदर्भग्रंथांच्या बाबतीतही संपत्ती मोठी आहे. केतकरांचा ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश हे दोन्ही महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. २००३ पासून मराठी विकिपीडियाही आहे. तथापि पडद्यावर सर्व मजकूर एकाच वयाचा दिसतो, हा त्यातील धोका. छापील खंडाचा पिवळा कागदच त्याचे वय सांगे. पडदा ते सांगत नाही. प्लूटोचा शोध १९३० साली लागला आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला ग्रहांच्या पंक्तीतून वेगळे काढले. म्हणजे केतकरांच्या कोशात तो नसणार, पुढील अर्धशतकातील कोशांत तो ग्रह म्हणून असणार आणि आजच्या नोंदीत बटुग्रह म्हणून. तिन्ही नोंदी आपापल्या काळी बरोबर होत्या. नोंद वाचण्यापूर्वी तिचे साल पाहावे, ही सवय लावणे हेच ग्रंथपालाचे अध्यापन होय. २०२२ च्या अखेरीपासून सार्वत्रिक झालेल्या कृत्रिम बुद्धीच्या उत्तरयंत्रांना तर हा नियम अधिकच लागू पडतो. ती सफाईने लिहितात, आणि कधी कधी नसलेल्या पुस्तकाचे नावही तितक्याच सफाईने सांगतात. यंत्राने सांगितलेला ग्रंथ एखाद्या विश्वसनीय सूचीत सापडेपर्यंत तो अस्तित्वात नाही असेच समजावे.

आता हक्कांचा प्रश्न. महाजालावर जे सापडते ते सर्व आपले, ही समजूत मुलांत रूढ आहे आणि मोठ्यांतही नाही असे नाही. १९५७ च्या आपल्या प्रताधिकार कायद्यानुसार आज सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतरचे कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून साठ वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतात. तांबे १९४१ साली निवर्तले. अर्थात १ जानेवारी २००२ पासून त्यांची कविता सर्वांची झाली. संगीतशास्त्रकार भातखंडे १९३६ साली गेले. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ मूळ मराठीत आहे, आणि तीही आता मुक्त आहे. येथील माधव संगीत महाविद्यालयाच्या १९१८ मधील स्थापनेशी त्यांचा निकटचा संबंध होता, परंतु या शहरातील संगीताचे विद्यार्थी त्यांचा ग्रंथ बहुधा हिंदी अनुवादातूनच वाचतात. कुसुमावतीबाई संमेलनाच्याच वर्षी, १९६१ मध्ये निवर्तल्या; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले स्वतंत्र लेखन २०२२ च्या आरंभी मुक्त झाले. मात्र त्यांचे पती कवी अनिल १९८२ पर्यंत होते, म्हणून ‘कुसुमानिल’ या पत्रसंग्रहाला हा हिशेब लावता येत नाही. तसेच जुन्या ग्रंथाला नव्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना व टीपा यांचे हक्क वेगळे असतात. हा हिशेब अंकगणिताचाच आहे आणि आठवीच्या मुलालाही तो समजतो.

जे मुक्त झाले आहे त्याचे काय करावयाचे, हा यापुढील प्रश्न. आणि माझ्या मते शालेय ग्रंथपालाने प्रयोग करावयाचा तो येथेच. ‘विकिस्रोत’ या प्रकल्पात मुक्त ग्रंथांची छायाचित्रे चढविली जातात. यंत्र त्यांतील अक्षरे ओळखून मजकूर तयार करते; तथापि जुन्या खिळ्यांच्या छपाईत थ आणि य, घ आणि ध, भ आणि म यांत त्याची गल्लत होणे स्वाभाविक आहे. म्हणून एक जण पान मुळाशी ताडून शुद्ध करतो आणि दुसरा ते पुन्हा पडताळतो. हे काम वर्गातील मुलांच्या आवाक्याबाहेरचे नाही. तांब्यांची कविता ओळीओळीने, अक्षराअक्षराने पडताळणारा मुलगा ती जितकी वाचतो तितकी परीक्षेसाठी पाठ करणारा वाचीत नाही. धाकट्या मुलांसाठी ‘प्रथम बुक्स’ या संस्थेचे २०१५ साली सुरू झालेले ‘स्टोरीवीव्हर’ आहे. तेथील चित्रकथा मुक्त परवान्याखाली असल्याने त्यांचा अनुवाद करण्याची मुभा असते. हिंदी गोष्ट मराठीत आणताना आजीला शब्द विचारावा लागतो. आणि अशा रीतीने शाळेचे काम घरच्या भाषेपाशी जाऊन पोहोचते.

काही पथ्ये मात्र सांभाळावयास हवीत. एका वेळी एकच साधन घ्यावे आणि किमान एक सत्र चालवून पाहावे. त्यासाठी मुलांची नावे, जन्मतारखा, छायाचित्रे परक्या प्रणालीत नोंदवू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस पालकांची संमती आवश्यक मानली आहे. सूचीची प्रत शाळेपाशी स्वतंत्र ठेवावी, कारण ऑनलाइन सेवा बंद पडतात आणि त्यांच्याबरोबर आपले श्रमही जाऊ शकतात. आणि सत्राच्या अखेरीस हिशेब मांडावा तो साधनावर किती मुलांनी नाव नोंदविले याचा नव्हे, तर कपाटातील किती पुस्तके बाहेर पडली याचा.

साधने बदलत राहतील; ग्रंथालय वाढती संस्था आहे याचा तोही एक अर्थ. परंतु कोणत्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे हे त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसालाच कळते. महाराष्ट्रापासून दूरच्या शाळांतून असा ग्रंथपाल हा मराठीचा एक शिक्षकच असतो, मग वेळापत्रकात त्याच्या नावावर तास असो वा नसो. तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनी आणि संस्थाचालकांनी त्याला संगणकाबरोबर आठवड्यातून एक-दोन मोकळे तास द्यावेत. कपाटाला वाचक मिळावयाचा असेल तर आरंभ तेथून करावा लागेल.