शिसवी म्हणजे काळंकुळकुळीतच?

जुन्या शिसवी कपाटाचं पॉलिश खरवडायला घेतलं की घरात हमखास कुजबूज सुरू होते. आतून तपकिरी लाकूड निघतं आणि आजोबांना दुकानदाराने गंडवलं, असा निकाल लागतो. अहो, शिसवी असंच असतं! गाभा सोनेरी तपकिरी ते जांभळट, त्यात काळपट रेघा. सालीलगतचा भाग तर चक्क पिवळट. पटत नसेल तर गॅम्बलचा १८८१ सालचा भारतीय लाकडांवरचा ग्रंथ उघडून पाहावा.

मग कपाट काळं दिसतं कशाने? गडद पॉलिशने, आणि त्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या तेलकट हातांनी नि धुराने. त्यात नावाचीही भर पडली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडलेलं कोरीव शिसवी फर्निचर आजही 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणूनच ओळखलं जातं. खरोखर काळा गाभा असतो तो एबनीचा.

गिऱ्हाइकाला काळंच हवं, म्हटल्यावर विकणारा काळा रंग मारून देतो. अंगावर रंग चढतो तो बहुतेक वेळा शिसमच्या. शिसम हिमालयाच्या पायथ्याकडचं, शिसवी आपल्या सह्याद्रीतलं. वंश एक, झाडं वेगळी. शिसम वाईट नाही, उत्तम टिकतं. पण शिसवीच्या भावात ते का घ्यायचं? ड्रॉवर ओढून उलटा करा. तळाला, जिथे पॉलिश पोचत नाही तिथे, पात्याने बारीक ओरखडा काढा. रंग वरवरचा असेल तर लगेच फिकं लाकूड दिसेल. फळीच्या कडेलाही पाहा: खऱ्या रेघा लाकडातून आरपार जातात, रंगवलेल्या पृष्ठभागावरच थांबतात.

बाकीचे समज किरकोळ. 'खरं शिसवी पाण्यात बुडतं': वाळलेलं सहसा तरंगतं. 'त्याला कीड लागत नाही': गाभा दाद देत नाही, पण पिवळट भाग भुंगा मजेत पोखरतो, म्हणून चांगला सुतार तो काढून टाकतो. 'गुलाबासारखा वास नाही, म्हणजे नकली': वास ताज्या कापलेल्या लाकडाला येतो, पन्नास वर्षं पॉलिशखाली असलेल्या खुर्चीला नाही. 'शिसवी घरात ठेवणं बेकायदा': धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या सायटिस या आंतरराष्ट्रीय करारात २०१७ पासून या वंशाच्या जवळजवळ सगळ्या जाती आल्या, पण तो करार देशाबाहेरच्या व्यापारापुरता आहे. आजोबांचं कपाट परदेशी न्यायचं असेल, तर मात्र कागदपत्रांची चौकशी आधी करा. आणि रंधा मारताना तोंडाला फडकं बांधा. शिसवीच्या भुशाने अनेकांना खाज सुटते, शिंकाही येतात.