सोयाबीनची पट्टी आणि एकवीस वर्षांचे खाते

लातूर, नांदेडकडच्या शेतकरी घरात मोठी रक्कम बहुधा वर्षातून एकदाच हाती येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यात सोयाबीनचे माप होते. आडत्याच्या पट्टीवर हमाली-तोलाई कापली जाते, पेरणीच्या वेळची उचल वळती होते आणि खाली एक आकडा उरतो. दरमहा पगार धरून दिलेले बचतीचे सल्ले या आकड्याला अर्धेच लागू पडतात.

त्यातून आधी पीककर्ज फिटावे. 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्र व राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येते. ही सवलत घालवून दुसरीकडे सात-आठ टक्के मिळवण्यात हशील नाही.

उरलेला पैसा कुठे ठेवायचा, हे तो कधी लागणार यावर ठरते. ‘लातूर पॅटर्न’ने दहावीनंतरची वाट इतकी मळवून ठेवली आहे, की शिकवणी, वसतिगृह आणि प्रवेशाचे साल बारशालाच सांगता यावे. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल, तर जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेले सुकन्या समृद्धी खाते पोस्टात किंवा बँकेत उघडता येते. वर्षाला किमान 250 रुपये, कमाल दीड लाख. दरमहा हप्त्याची सक्ती नाही, पट्टी झाल्यावर एकदाच भरले तरी चालते. पैसे 15 वर्षे भरायचे, खाते 21 वर्षांनी पिकते. सरकार तिमाहीगणिक व्याजदर ठरवते. जानेवारी 2024 मध्ये तो 8.2 टक्के झाला. हाच दर टिकला आणि दर एप्रिलच्या आरंभी 20,000 भरले, तर 3 लाखांचे साधारण साडेनऊ लाख होतात. व्याज महिन्याच्या 5 तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. म्हणून 6 नोव्हेंबरला भरणाऱ्याचे त्या महिन्याचे व्याज बुडते. दहावी झाल्यावर किंवा अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर उच्च शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत शिल्लक काढता येते, पण प्रवेशाचा कागद किंवा फीची पावती लागते. शिकवणीच्या खर्चाला वेगळी मुदत ठेवच बरी.

मुलासाठी जवळचा पर्याय पीपीएफचा: 15 वर्षे, वर्षाला 500 ते दीड लाख, एप्रिल 2020 मध्ये दर 7.1 टक्क्यांवर आला. म्हातारपणासाठी, प्राप्तिकर न भरणाऱ्या 18 ते 40 वयाच्या माणसाला अटल पेन्शन योजना आहे. तिचा हप्ता सहामाहीही भरता येतो आणि हे शेतकऱ्याच्या सोयीचे.

भिशी, पतसंस्था आणि मल्टिस्टेट यांचा दर बँकेपेक्षा चढा असतो. पतसंस्थेचा काउंटर बँकेसारखा, पासबुकही तसेच. पण फेब्रुवारी 2020 पासून बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे असलेले 5 लाखांपर्यंतचे विमा संरक्षण तिथे नाही. सहकारी बँकेला ते आहे, सहकारी पतसंस्थेला नाही. दहा वर्षांसाठी पैसा अडकवताना हा एका शब्दाचा फरक दोन टक्के जादा व्याजाहून भारी ठरतो.

शेअर बाजाराशी बांधलेला म्युच्युअल फंड दहा वर्षांहून लांबच्या गरजेलाच ठीक. एकरकमी पैसा लिक्विड फंडात ठेवून तिथून थोडा थोडा दरमहा वळवता येतो, त्याला एसटीपी म्हणतात. गरज तीन वर्षांवर आली, की ही रक्कम टप्प्याटप्प्याने काढून मुदत ठेवीत आणावी लागते. एरवी प्रवेशाच्या वर्षीच बाजार पडला, तर फीसाठी तोट्यात विकण्याची वेळ येते.